बजेटची खरी छाननी उपसमितीत

संपादक महोदय,
आपल्याकडे बजेटची चर्चा अर्थमंत्र्यांच्या भाषणापुरतीच, म्हणून कॅलिफोर्नियाचं लिहितोय. इथे गव्हर्नर 10 जानेवारीपर्यंत बजेट मांडतो आणि मग खरं काम विधिमंडळाच्या उपसमित्यांत, शिक्षण, आरोग्य असे विषय वाटून घेतलेले, समोर खात्याचे अधिकारी आणि लेजिस्लेटिव्ह ॲनालिस्टच्या (विधिमंडळाचा पक्षनिरपेक्ष आर्थिक सल्लागार) ऑफिसचा माणूस, जो सरकारचा आकडा फुगलाय असं तोंडावर सांगू शकतो! शेवटी सामान्य माणसालाही माईक मिळतो, पण बऱ्याचदा एखादंच मिनिट, हे खटकतंच. कितीतरी मुद्दे ‘होल्ड ओपन’ करून, म्हणजे निर्णय न घेता, मे महिन्यातल्या सुधारित आकड्यांपर्यंत लटकवतात. 15 जूनपर्यंत बजेट पास झालं नाही तर आमदारांचा पगार बुडतो, 2010 च्या सार्वमतात लोकांनीच तसं ठरवलंय.

– एक वाचक, सॅक्रामेंटो