‘वाजवी वेळी’ असं लिहून घेऊ नकोस

पुणे,
रविवार, 15 मार्च 2026

प्रिय दिग्या,

परवा रात्री तुझे एकामागून एक अकरा मेसेज आले: वहिनी सई आणि चिकूला घेऊन नाशिकला राहायला गेल्यात, आता मुलं मला कशी मिळतील? शेवटचा पावणेदोनचा. उत्तर मुद्दामच दिलं नाही. असल्या गोष्टी अंगठ्यानं टाइप करून सांगण्यासारख्या नसतात, आणि तू त्या वेळी ऐकण्याच्या मनःस्थितीतही नव्हतास. आज सकाळपासून घरात कोणी नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. अक्षर लागलं नाही तर फोन कर.

आधी एक सांगतो. मी वकील नाही. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती इतक्या वेळा चढलो की पट्टेवाला नावानं ओळखायचा. त्यातून जे कळलं तेवढंच लिहितो. वकील तू करच, पण त्याच्यासमोर बसताना काय विचारायचं हे माहीत असलेलं बरं. मला माहीत नव्हतं.

तुझा पहिला प्रश्न, बापाला ताबा मिळतो का? मिळतो. पण तू ज्या जोरावर विचारतोयस त्या जोरावर नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात कलम 6 आहे. त्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील, ‘नंतर’ आई असं लिहिलंय. हे वाचून तुझ्यासारखा मीही खूश झालो होतो. पण 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं त्या ‘नंतर’चा अर्थच सोडवून सांगितला: वडील गेल्यावरच असं नव्हे, ते मुलाच्या संगोपनात नसतील तरीही आई पालक असते. शिवाय पालकत्व वेगळं नि ताबा वेगळा. त्याच कलमात पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहील असं म्हटलंय. चिकू चार वर्षांचा आहे. म्हणजे त्याच्यापुरतं उत्तर तुला मिळालं. पाचवा वाढदिवस झाला की तो आपोआप तुझ्याकडे येईल असं तुला ज्या कोणी सांगितलंय, त्याला पुन्हा चहा पाजू नकोस.

या सगळ्याच्या वर कलम 13 बसतं: मुलाचं हित सर्वांत आधी. मुलं म्हणजे चीजवस्तू नव्हेत आणि आईबापांची खेळणीही नव्हेत, हे सुप्रीम कोर्टानं 1973 सालीच सांगून ठेवलंय. तुझा पगार मोठा, रंकाळ्याजवळ तीन खोल्यांचा फ्लॅट, आईबाबा घरात, हे सगळं न्यायाधीश वाचतील, पण तेवढ्यावर निकाल देणार नाहीत. ते विचारतील, सईचं दप्तर कोण भरायचं? ताप आला तर रात्री कोण जागायचं? पालकसभेला कोण जायचं? दिग्या, आपण दोघं एकमेकांना ओळखतो. याची उत्तरं कागदावर लिहून काढ आणि स्वतःशी खरी लिही. बहीणभावांना वेगवेगळं करायला कोर्टं सहसा तयार नसतात, म्हणून ‘सई मला, चिकू तिला’ ही तुझी वाटणीही डोक्यातून काढ.

दुसरा प्रश्न वाचून मात्र मला घाम फुटला. ‘सरळ नाशिकला जाऊन घेऊन येऊ का?’ कायद्याचंच विचारत असशील तर ऐक: कोर्टाचा मनाई आदेश नसताना बापानं स्वतःचं मूल नेलं तर तो अपहरणाचा गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2023 मध्ये म्हटलंय. हे सांगतोय, कारण तुझा तो पोलिसातला मेहुणा तुला हेच सांगणार. पण गुन्हा होत नाही म्हणून ते करावं असं थोडंच आहे? मुलांना परस्पर गाडीत घालून आणलेला बाप, ही तुझी पहिली ओळख न्यायाधीशांना व्हायला हवी का? आणि मागच्या सीटवर रडणारी सई तुला कोल्हापूरपर्यंत झेपणार आहे का? रात्रभराचा रस्ता आहे तो.

आता कोर्ट कुठलं. 1890 चा पालक व पाल्य कायदा म्हणतो, मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात जा. मुलं दिवाळीपर्यंत कोल्हापुरात होती, तिथल्याच शाळेत होती, म्हणून तुझा वकील कोल्हापूर म्हणेल. वहिनींचा वकील म्हणेल आता नाशिक. त्यांनी घटस्फोटाचा अर्ज केलाच, तर बायकोला स्वतः राहते तिथे तो करता येतो, आणि खटला दुसऱ्या गावच्या कोर्टात हलवण्यावरून वाद झाला तर उच्च न्यायालय बहुतेक वेळा बाईची अडचण आधी बघतं. म्हणून सांगतो, जूनमध्ये मुलांचं नाव तिकडच्या शाळेत लागायच्या आत काय ती हालचाल कर. शाळेचा दाखला निघाला की ‘नेहमी राहतं’चा अर्थ हळूहळू सरकायला लागतो. तुमच्याकडे 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आलंय, ते तुला वाटतंय तसं या कामात धावून येणार नाही. ते सहा जिल्ह्यांचं आहे, त्यात नाशिक नाही. नाशिकला निकाल लागला तर अपील मुंबईला.

मुलांना विचारतात का? विचारतात, पण अमुक वयाला विचारायचं असा नियम नाही. मुलाला समजून-उमजून सांगता येत असेल तर त्याची इच्छा लक्षात घ्यावी, एवढंच कायदा म्हणतो. माझी मुलगी मनू आठ वर्षांची असताना न्यायाधीश बाईंनी तिला चेंबरमध्ये बोलावलं होतं. आम्ही दोघं बाहेर बाकावर, मध्ये तिचं दप्तर. वीस मिनिटांनी आली. मी विचारलं नाही, तिच्या आईनंही विचारलं नाही. लग्न मोडल्यावर आमचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट. मनूच म्हणाली, ‘त्यांनी विचारलं, तुझी सायकल कुठल्या घरी आहे?’ बस. मूल पढवून आणलंय का, हे त्यांना असल्या प्रश्नांतून कळतं. तू सईला फोनवर जे विचारतोस, ‘तुला पप्पांकडे यायचंय ना?’, ते आजपासून बंद कर. तिला तिचा दिवस विचार.

पोटगीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे वाद घालण्यासारखं फार नाही. ‘भेटू देत नाहीत, मग पैसे कशाला पाठवू?’ असं तू लिहिलंयस. या दोन गोष्टींची गाठ मारू नकोस. पैसे मुलांचे आहेत, भेटही मुलांची आहे. एक अडली म्हणून दुसरी अडवता येत नाही, तुलाही नाही नि वहिनींनाही नाही. नागपूरहून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये ठरवून दिलंय की दोघांनीही मिळकत-खर्च-कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणजे आज थांबवलेले पैसे उद्या थकबाकी म्हणून एकदम अंगावर येतात. आत्ताच महिन्याच्या पाच तारखेला मुलांच्या खर्चाचे बँकेतून पाठवत जा. रोख देऊ नकोस. कोणी विचारलं तर नोंद दिसते, आणि खरं सांगायचं तर रात्री झोपही बरी लागते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

2014 मध्ये आमचा संमतीनं घटस्फोट झाला तेव्हा मनू पाच वर्षांची होती. ताबा आईकडे, मला मान्य होतं. कन्सेंट टर्म्सच्या, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या अटींच्या, तिसऱ्या पानावर एक ओळ होती: ‘वडिलांना मुलीस वाजवी वेळी भेटता येईल.’ मी ती वाचली आणि सही केली. वाटलं, आपण सुशिक्षित माणसं, तास कसले मोजायचे? दिग्या, त्या ‘वाजवी वेळी’नं माझी दोन वर्षं खाल्ली. या शनिवारी तिला सर्दी आहे. पुढच्या शनिवारी मावशीकडे पूजा. मग परीक्षा. मग ‘ती झोपलीय’. प्रत्येक कारण एकेकटं पाहिलं तर खरं होतं, तिची आई खोटारडी नव्हती. पण वाजवी कशाला म्हणायचं हे ठरवणार कोण, तर ज्याच्या घरात मूल आहे तो. एका वर्षात मी मनूला नऊ वेळा भेटलो. नऊ.

2016 मध्ये पुन्हा अर्ज केला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली मुलांबद्दलचा आदेश घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावरही बदलता येतो. तो कधीच कायमचा नसतो, हे लक्षात ठेव, तुझ्या बाजूनंही नि विरुद्धही. सुरुवातीला तीन महिने कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेट दिली, शनिवारी दोन तास. त्या खोलीत प्लास्टिकची घसरगुंडी, भिंतीवर मिकी माउस, आणि डबे घेऊन आलेले बाप. एक गृहस्थ दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि मुलगा त्यांच्याकडे पाठ करून ठोकळे रचत बसायचा. ते तरीही यायचे. सहाव्या की सातव्या शनिवारी त्या पोरानं न बघताच एक ठोकळा मागे सरकवला. मी उठून पाणी प्यायला बाहेर गेलो.

मग नव्या अटी ठरल्या, आणि या वेळी मी शाळेच्या वेळापत्रकासारख्या लिहून घेतल्या. पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी 11 ते रविवारी संध्याकाळी 6. घ्यायचं कुठून, तर सोसायटीच्या फाटकावरून. वर जायचं नाही, भांडण तिथेच होतं. दिवाळीच्या सुट्टीचा अर्धा भाग आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा अर्धा. सम वर्षी पहिला, विषम वर्षी दुसरा. वाढदिवस आलटून पालटून, पण ज्याची पाळी नाही त्याला संध्याकाळी एक तास. आजारपणामुळे शनिवार गेला तर लगेचचा पुढचा शनिवार. शाळेचं प्रगतिपुस्तक आणि दवाखान्याचे कागद दोघांना. रोज रात्री 8 ला फोन. फोनचं तर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानंही म्हटलंय की ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे, आणि व्हिडिओ कॉलही धरलेत. तू कोल्हापुरात नि मुलं नाशकात राहिली तर तुझा संसार त्या कॉलवरच चालणार आहे, म्हणून त्याची वेळ, कुठल्या नंबरवर, मुलानं फोन एकट्यानं घ्यायचा की शेजारी कोणी बसणार, सगळं लिही. दर पंधरा दिवसांनी नाशिकला जाणं जमणार आहे का याचा प्रामाणिक हिशेब कर. जमत नसेल तर महिन्यातून एक मोठा शनिवार-रविवार आणि सुट्टीचे जास्त दिवस माग. जे पाळता येणार नाही ते मागू नकोस. दोनदा चुकवलंस की तिसऱ्यांदा कोणी तुझी बाजू घेणार नाही, सई तर नाहीच.

‘जॉइंट कस्टडी’बद्दल, म्हणजे दोघांकडे मिळून ताबा, तू विचारलंयस. विधी आयोगानं 2015 च्या 257 व्या अहवालात तिची शिफारस केली, कायद्यात ती आजवर आलेली नाही. दोघांच्या संमतीनं कोर्टं तसे आदेश देतात. पण दोन शहरांत, शाळकरी मुलांची? मला ते नावापुरतं मोठं वाटतं. त्या शब्दासाठी भांडून शनिवार घालवू नकोस.

आणि तातडीचं: मे महिन्यात कोर्टांनाही सुट्टी असते. मुलांची उन्हाळ्याची सुट्टी हवी असेल तर अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) भेटीचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे. समोरच्याचं म्हणणं यायला एखादी तारीख जातेच. माझं पहिलं वर्ष असंच वाया गेलं, वीस एप्रिलला जागा झालो.

वहिनींबद्दल तू जे काही लिहिलंयस ते मी डिलीट केलंय, तूही कर आणि पुन्हा कुणाला लिहू नकोस. कौटुंबिक न्यायालयात पुराव्याचे नियम सैल असतात, व्हॉट्सअ‍ॅपचे प्रिंट पुराव्याचा नंबर लागून समोर येतात. पण तेवढ्यासाठीच सांगत नाहीये. त्या रात्री हात उगारला होता असं तू स्वतःच कबूल केलंयस. वहिनींनी घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केला तर मुलांचा तात्पुरता ताबा त्यांना त्याच अर्जात मागता येतो, आणि भेटीनं मुलांना अपाय होईल असं वाटलं तर दंडाधिकारी भेट नाकारतात. असं झालं तर मी तुझ्यासाठी वकील शोधीन, पण तू खोटं बोललेलं मला चालणार नाही. समुपदेशकाकडे पाठवतील तेव्हा हे आधी तूच सांग.

मनू आता सतराची आहे. पुढच्या वर्षी अठरा पूर्ण होतील आणि आमचा आदेश आपोआप संपेल. मग ती यायचं की नाही ते तिचं ती ठरवील. काल पहिला-तिसरा कुठलाच शनिवार नव्हता, तरी क्लासवरून परस्पर इकडे आली, भाकरी कडक झाली म्हणून नाक मुरडलं आणि फ्रिजमधलं श्रीखंड संपवून गेली. पाडव्यासाठी आणलेलं होतं.

माझ्या दोन्ही कन्सेंट टर्म्सची झेरॉक्स उद्या कुरियर करतो, 2014 ची नि नंतरची. नावं खोडलीत. पहिलीतल्या तिसऱ्या पानावर पेन्सिलीची खूण आहे. तुझ्या वकिलाला दोन्ही शेजारी शेजारी ठेवून दाखव. गुरुवारी पाडव्याला सकाळी फोन करतो, पण तू त्याआधी नाशिकला कर. मुलांना गाठी पाठवल्यास का?

तुझा,
नंदू