मेडिकलच्या काउंटरवरचं एक मिनिट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत माइंडफुलनेसवर, म्हणजे जे करतोय त्यातच लक्ष ठेवण्यावर, पूर्ण पान होतं, ते दोनदा वाचलं. माहिती चांगली होती पण फोटो तेच नेहमीचे, समुद्रकिनारा, पांढरे कपडे, डोळे मिटून बसलेली बाई. आमच्या दुकानातल्या मुलाने ते पान बघितलं आणि म्हणाला, ताई हे ज्यांना सुट्टी असते त्यांच्यासाठी आहे. मला ते लागलं, कारण माझं मत नेमकं उलट आहे. याची खरी गरज डोळे उघडे ठेवून कामावर उभं असताना लागते, आणि जिथे आपलं लक्ष गेलं तर भोगायला दुसऱ्याला लागतं तिथे तर सगळ्यात जास्त. म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं मोठं झालंय, कापलंत तरी चालेल पण आजोबांचा भाग ठेवा.

मी फार्मासिस्ट आहे. राहायला ठाणे पूर्वेला कोपरीत आणि कोपरखैरण्यातल्या एका मेडिकलवर १४ वर्षं काउंटरला उभी आहे. दोन वर्षांपूर्वी, संध्याकाळचे पावणेआठ झाले असतील, दुकानात सात-आठ माणसं, एकाला स्कॅनरवर पैसे गेले की नाही ते बघायचं, एकीला बाळाचं डायपर हवं, एक जण फोनवर बोलत बोलतच हाताने खूण करून औषध मागतोय, आणि माझ्या डोक्यात दुपारचं मुलीशी झालेलं भांडण चालू, तिला काय बोलले, काय बोलायला नको होतं. अशात एक आजोबा आले, नेहमीचे, शुगरची गोळी. त्यांना ग्लिमेपिराइड १ एमजी चालू होती. मी ड्रॉवरमधून स्ट्रिप काढली, बिल केलं, दिली. ती २ एमजीची होती. दोन्ही एकाच कंपनीच्या, पाकिटं जवळजवळ सारखी, एकाच ड्रॉवरमध्ये शेजारी शेजारी. चिठ्ठी मी बघितली होती, स्ट्रिपसुद्धा बघितली होती, म्हणजे डोळ्यांनी. मी तिथे नव्हते.

ज्यांच्या घरी शुगरचा पेशंट आहे त्यांना सांगायला नको की डबल पॉवर म्हणजे काय. म्हाताऱ्या माणसाची शुगर एकदम खाली गेली की घाम, थरथर, चक्कर, आणि रात्री झोपेत झालं तर कोणाला कळतही नाही.

पाऊण तासाने आजोबा चालत परत आले. स्ट्रिप काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, ताई ही गोळी वेगळी दिसतीया, रंग न्हाय जमत. एवढंच. आवाज चढवला नाही की काही नाही. मी स्ट्रिप हातात घेतली आणि माझे हात गार पडले. त्यांना विचारलं तुम्हाला कसं कळलं, तर म्हणाले मी रोज गोळी तळहातावर घेतो, बघतो आणि मग तोंडात टाकतो. रोज? म्हणाले, रोज. आजोबा माथाडी होते, आयुष्य तुर्भ्याच्या मार्केटमध्ये पोती उचलण्यात गेलं, गाव साताऱ्याकडचं, कोपरखैरण्यात अशी खूप घरं आहेत. फळीवरून ट्रकात चढताना पाठीवर पोतं असलं की पाय कुठं पडतोय तेवढंच बघायचं, त्या वेळी घरचा विचार आणला की माणूस खाली, असं ते सहज बोलता बोलता बोलून गेले. त्यांनी माइंडफुलनेस हा शब्द कधी ऐकला असेल असं मला वाटत नाही. पण त्या दिवशी आमच्या दोघांत ते कोणाकडे होतं आणि कोणाकडे नव्हतं हे मला बरोबर कळलं.

आणि मी तर इगतपुरीला जाऊन आलेली. २०१८ ला धम्मगिरीवर दहा दिवसांचा विपश्यनेचा, म्हणजे ध्यानाचा, कोर्स केला होता. हे ध्यान शिकवणारे गोएंकागुरुजी १९६९ ला म्यानमारहून भारतात आले आणि १९७६ ला तिथे केंद्र सुरू झालं. फी घेत नाहीत, आधी कोर्स केलेल्यांच्या दानावर चालतं, फोन पहिल्याच दिवशी जमा, पहाटे चारला घंटा, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत बोलायचं नाही. पहिले तीन दिवस फक्त श्वास, नाकाच्या टोकाशी तो आत येतोय बाहेर जातोय तेवढंच बघायचं, त्याला आनापान म्हणतात, आणि चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना. मला खूप चांगला अनुभव आला आणि कोणाला जमत असेल तर जरूर जा, नवी मुंबईकरांना तर बेलापूरला पारसिक हिलवरपण केंद्र आहे. पण घरी आल्यावर पंधरा-वीस दिवसांत माझी सकाळची बैठक सुटली, आणि बैठक सुटली म्हणजे सगळंच सुटलं असं मी धरून चालले. चूक तिथे झाली. बैठक ही तालीम आहे आणि काउंटर हा प्रयोग, हे मला आजोबांनी स्ट्रिप परत आणल्यावर समजलं. या साधनेचा मूळ पाली शब्द सति, म्हणजे आपला स्मृती. आठवण. काय करतोय त्याची आठवण राहणं, आणि विसरलो की परत आठवणं. विसरणार नाही असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही, हे मला फार धीर देतं.

मन भटकणं हा काही माझा एकटीचा दोष नाही हेही नंतर वाचल्यावर कळलं. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० ला सायन्स या जर्नलमध्ये एक अभ्यास छापला होता, २,२५० लोकांना फोनवर दिवसातून अधूनमधून विचारायचे की आत्ता काय करताय, मन त्याच कामात आहे का, आणि कसं वाटतंय. ४६.९ टक्के वेळा मन भलतीकडे होतं. म्हणजे जागेपणीचा जवळजवळ निम्मा वेळ. आणि मन भटकत असताना लोक कमी खूष होते, अगदी छान छान विचारांत रमलेले असले तरी हातातल्या कामात असण्यापेक्षा जास्त खूष नव्हते. मी ते वाचून दुकानाचा हिशोब केला, दिवसाला शंभर चिठ्ठ्या आल्या तर त्यातल्या किती चिठ्ठ्यांना मी तिथे असते.

मग मी काय केलं ते सांगते, कारण नुसतं लक्ष द्या लक्ष द्या म्हणून कोणाचं लक्ष लागत नाही, शाळेत आम्हाला पण बाई हेच म्हणायच्या. जपानमध्ये रेल्वेचे लोक सिग्नल दिसला की त्याच्याकडे बोट करतात आणि तो मोठ्याने म्हणतात, मीटर दिसला की बोट करून आकडा म्हणतात. तिथल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेने १९९४ ला याची चाचणी केली, साध्याशा कामात १०० वेळेला २.३८ चुका व्हायच्या त्या बोट दाखवून आणि बोलून केल्यावर ०.३८ वर आल्या. कारण सरळ आहे, डोळा, हात, तोंड आणि स्वतःचा आवाज ऐकणारा कान, चौघं एकाच गोष्टीवर आले की मनाला पळायला जागाच कमी राहते. मी तेच उचललं. चिठ्ठीवर बोट, नाव म्हणायचं, पॉवर म्हणायची. मग स्ट्रिपवर बोट, नाव, पॉवर, एक्स्पायरी. मग पेशंटकडे बघून सांगायचं, ही सकाळी जेवणाआधी, ही रात्री. सुरुवातीला गिऱ्हाईकं बघत राहायची की ही बाई एवढं मोठ्याने काय वाचतेय. आता दुकानातला मुलगा पण करतो, आणि सारख्या दिसणाऱ्या स्ट्रिपा आम्ही वेगवेगळ्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. हे दुसरं काम तेवढंच महत्त्वाचं आहे बरं का, नुसत्या माणसाच्या लक्षावर सगळं सोडून चालत नाही.

घरून दुकानात पोचेपर्यंतसुद्धा एक नियम केलाय. ठाण्याहून वाशी किंवा पनवेल गाडी पकडते, त्यात दिघा गाव ते ऐरोली, फक्त एक स्टेशन, फोन बॅगेत आणि बाकी काही नाही. पारसिकचा डोंगर दिसतो, पावसाळ्यात तर तो रोज वेगळा हिरवा असतो, शेजारच्या बाईच्या गजऱ्याचा वास येतो, पाय दुखत असतील तर दुखतायत हे कळतं. मन दुकानात जाऊन बसतं, तीन मिनिटांत सहा वेळा जातं, मग परत आणायचं. रागवायचं नाही. दिघा गाव स्टेशन २०२४ ला सुरू झालं, त्याआधी हा पल्ला ठाणे ते ऐरोली असा मोठा होता आणि खरं सांगायचं तर तेवढा वेळ मला जमत नव्हता. एक स्टेशन जमतं. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ ला मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू केला, त्यात एक मनुका हातात घेऊन बघायचा, हुंगायचा, मग सावकाश चावायचा असा धडा असतो. मला ते वाचताना लगेच आजोबांचा तळहात आठवला.

आता जी गोष्ट मला काळजीने सांगायचीय ती. हल्ली काउंटरवर कोणी ना कोणी येऊन सांगतं, ताई आता मेडिटेशन सुरू केलंय, बीपीची गोळी बंद केली, झोपेची बंद केली, डिप्रेशनची बंद केली. कृपा करून असं करू नका. ध्यान करा, रोज करा, पण गोळी कमी करायची की बंद करायची ते डॉक्टर ठरवतील. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, अस्वस्थपणा असा त्रास होतो, त्या हळूहळूच कमी करतात. आणि मन फारच खचलेलं असताना तासन् तास एकट्याने डोळे मिटून बसल्यावर काहींना आणखी त्रास होऊ शकतो, तेव्हा आधी कोणाशी तरी बोला, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट लागतो. रविवारच्या पानावर हा नंबर असायला हवा होता असं मला मनापासून वाटतं, पुढच्या वेळी नक्की टाका.

आणि वाचकांना एक विनंती. औषध घेताना फक्त एक मिनिट फोन खाली ठेवा. आमच्याकडून चूक होऊ नये ही जबाबदारी आमचीच आहे, ती मी तुमच्यावर ढकलत नाहीये, पण आजोबांनी मला वाचवलं हेही तितकंच खरं आहे. आम्ही सांगतो तेव्हा माणूस मान हलवत असतो आणि कानाला फोन असतो, घरी गेल्यावर परत फोन येतो की ताई ही दिवसातून किती वेळा म्हणाला होतात. संधिवातावर मेथोट्रेक्सेट म्हणून गोळी देतात, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि जगभरात लोकांनी ती ऐकण्या-वाचण्यातल्या चुकीने रोज घेतलीय, तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कमी होतात, जीवसुद्धा गेलेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अशा औषधांच्या चुका कमी करायची मोहीमच हातात घेतलीय, पण ती मोहीम शेवटी या काउंटरवरच होणार आहे, तुम्ही त्या बाजूला आणि आम्ही या बाजूला. स्ट्रिप हातात घ्या. नाव वाचा, पॉवर वाचा, मागच्या महिन्याची रिकामी स्ट्रिप सोबत आणलीत तर दोन्ही शेजारी ठेवून बघा. कापलेली स्ट्रिप असेल तर एक्स्पायरी कुठल्या बाजूला राहिली ते विचारा. मागे रांग असेल तरी विचारा, रांगेतले थांबतील. आणि घरी गेल्यावर गोळी तळहातावर घेऊन एकदा बघा, मग पाणी.

आपली,
एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

(दुकानाचा आणि आजोबांचा प्रश्न आहे म्हणून नाव छापू नये ही विनंती.)