मेनू छापायला देण्याआधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

हॉटेलच्या मेनूचा कच्चा कागद वाचला. त्यात 'शेतातून थेट' असं लिहून मटार उसळ बारा महिने धरली आहेस. पुरंदरचा मटार पावसाळ्यातला, थंडीत येतो तो बहुतेक बाहेरचा, आणि मे महिन्यात फ्रोजनशिवाय गत्यंतर नाही. मग 'शेतातून थेट' हे कशाच्या जोरावर लिहायचं? छापील मेनूत आठ-दहा पदार्थ ठेव, बाकीचे रोज फळ्यावर खडूने लिही.

भाव ठरवताना फसगत पालेभाजीत होते. मार्केट यार्डात ती शेकड्याने, म्हणजे शंभर जुड्यांच्या भावाने जाते आणि जुडी केवढी हे हंगामावर. शेतकऱ्याशी बोलताना किलोवर ये, आणि किलोचा भावही निवडल्यानंतरचा काढ. 5 किलो मेथी मुळा-मातीसकट तोल, निवडून पुन्हा तोल. अडीच किलो पाला निघाला, तर 40 रुपये किलोची मेथी तुला 80 ला पडली. दुसरा कुणी मुळं कापून, माती झटकून 55 ने देत असेल आणि 5 किलोतून 4 किलो पाला हाती लागत असेल, तर ती 69 च्या आत बसते. वर निवडायच्या बाईचा अर्धा तास वाचतो, तो वेगळाच.

पावसाळ्यात ओल्या जुड्या पोत्यात दाबून आल्या की आतून तापतात. वरून हिरव्यागार दिसतात, पण मधल्या जुडीत हात घातला तर गरम लागतो. संध्याकाळपर्यंत ती पिवळी पडते. म्हणून माल उघड्या क्रेटमध्येच मागव, तोही पहाटे काढलेला. आल्यावर धुऊ नकोस, फडक्यावर पसरून पाणी सुकलं की मगच फ्रिजमध्ये. टोमॅटो मात्र बाहेरच राहू दे, थंडीने त्याची चव जाते.

आता शेतकऱ्याला द्यायच्या शब्दाचं. मेथी पेरल्यापासून महिन्याभरात काढणीला येते, म्हणजे पुढच्या महिन्याचा आकडा आज सांगावा लागतो. तू सोमवारी हॉटेल बंद ठेवणार, पण शेताला सोमवार कळत नाही. आठवड्याला किमान किती किलो, कोणत्या वारी आणि पैसे कधी, हे कागदावर घे. भाव तीन महिन्यांसाठी बांध. यार्डात भाव चढला की शेतकऱ्याला माल तिकडे पाठवावासा वाटेल, पडला की तुला तिकडून आणावंसं वाटेल. दोघांनी तेवढं सोसायचं. गारपीट झाली तर काय, म्हणून यार्डातला एक गाळेवाला ओळखीचा ठेवच. थेट घेण्यात कायद्याची अडचण नाही, 2016 पासून राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त आहे.

तांदळाला जप. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन आहे, पण दुकानांत त्याच्यासारखा दिसणारा जीराशंकर तांदूळही त्याच नावाने खपवतात. आंबेमोहोराचं उत्पन्न कमी, म्हणून तो महाग; स्वस्तात कुणी देऊ लागला तर शंका घे. वरणभाताला तो घे, रोजच्या भाताला मावळातली इंद्रायणी पुरे. नवी इंद्रायणी जुन्यापेक्षा कमी पाण्यात शिजते आणि गोळा होते, म्हणून प्रत्येक नव्या पोत्यातला पाव किलो आधी शिजवून पाहा आणि पाण्याचं माप पोत्यावरच खडूने लिहून ठेव.

वजनकाटा 30 किलोचा घे, आणि वजनमापे खात्याचा शिक्का चालू वर्षाचा आहे ना, ते पैसे देण्याआधी बघ.

तुझी,
आई