उद्यमनगरातल्या दादांचे जाहीर आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलाची रिमोटची गाडी आता सरळ धावते, आणि रिमोट मध्येच बंद पडला तर जागेवर थांबते. दोन्ही तुमच्यामुळे. तुम्ही पैसे घेतले नाहीत, म्हणून निदान चार लोकांसमोर आभार मानते.

गाडी डावीकडे ओढायची. जो तो म्हणायचा, ट्रिम (चाकांचा मध्य किंचित डावी-उजवीकडे सरकवायची रिमोटवरची कळ) फिरवा. ट्रिम पार टोकाला गेली, तरी वळण दोन्हीकडे सारखं बसेना. तुम्ही लेथ बंद करून हात पुसलेत आणि आधी ट्रिम शून्यावर आणलीत. मग सर्वोचा (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचा) हॉर्न, म्हणजे तिच्यावरची दांडी, काढला, रिमोट आणि गाडी चालू करून सर्वोला त्याच्या मध्यावर येऊ दिलं, आणि तेव्हाच हॉर्न काटकोनात बसवला. हॉर्न ज्या दात्यांवर बसतो त्यांच्यामुळे तो किंचित तिरका राहिला, तेवढा फरक सब-ट्रिमने (मध्य बारीक जुळवायच्या रिमोटमधल्या सेटिंगने) काढलात. पुढच्या दोन्ही चाकांचे टाय रॉड (चाकं वळवणाऱ्या दांड्या) व्हर्नियरने मोजून सारखे केलेत. "आधी लोखंड सरळ करायचं, मग रिमोटला हात लावायचा," हे तुमचं वाक्य पोरानं वहीत लिहून ठेवलंय.

एंड पॉइंटचं, म्हणजे स्टिअरिंग कुठवर वळू द्यायचं त्या रिमोटमधल्या मर्यादेचं, तर मला स्वतःला नवल वाटलं. स्टिअरिंग पूर्ण वळवून तुम्ही मुलाला कान लावायला सांगितलंत. चाक अडलं होतं, तरी सर्वो आतून घुरघुरत जोर लावत होता. असाच अडून राहिला तर जास्त करंट खेचतो, तापतो आणि शेवटी जळतो, हे तुम्ही समजावलंत. मग आकडा एकेक टक्का कमी करत आवाज थांबेपर्यंत आणलात, डावीकडचा वेगळा आणि उजवीकडचा वेगळा. ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राला) न्यूट्रल, फुल थ्रॉटल आणि फुल ब्रेक शिकवायचं काम मात्र पोराकडूनच करून घेतलंत.

पण आई म्हणून मी सर्वांत जास्त ऋणी आहे ती फेलसेफसाठी, म्हणजे सिग्नल तुटल्यावर गाडीने काय करायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगसाठी. गाडी लाकडी ठोकळ्यावर ठेवून, चाकं अधांतरी फिरत असताना तुम्ही रिमोट बंद केलात. चाकं फिरतच राहिली! सिग्नल तुटला की काही रिसीव्हर शेवटचा हुकूम धरून बसतात, हे तेव्हा कळलं. तुम्ही फेलसेफमध्ये थ्रॉटल न्यूट्रलला लावलात, पुन्हा रिमोट बंद केलात आणि चाकं थांबली. आमच्या गल्लीत बारकी पोरं सतत पायात येतात. ही दोन-अडीच किलोची गाडी सुसाट सुटून कुणाच्या नडगीवर आदळली असती तर? गाडी विकणाऱ्यानं याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. गाडी घेऊन देणाऱ्या प्रत्येक आईबापाने ही चाचणी आधी करावी.

आता पोरगं नेमाने रिमोट आधी चालू करतं, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. लायपो बॅटरीचा कट-ऑफही (बॅटरी फार उतरायच्या आत गाडी थांबवणारी मर्यादा) स्वतः तपासतं. कॉलनीतली दुसरी पोरं आपापल्या गाड्या घेऊन त्याच्याकडे येऊ लागली आहेत आणि तोही सगळ्यांची ट्रिम आधी शून्यावर आणतो.

त्याला आता डिफरन्शियलमधलं (वळताना दोन्हीकडची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमधलं) तेल बदलायचंय. रविवारी सकाळी पाठवते. दुकान बंद असेल तर तसा निरोप द्या. आणि त्याच्या डब्यात तुमच्यासाठी पुरणपोळ्या असतील, त्या मात्र परत पाठवायच्या नाहीत.

तुमची,
राजारामपुरीतली ताई