कूलर बंद करायला लावणाऱ्या काकूंस

आदरणीय काकू,

सविनय नमस्कार.

एकाच जिन्याला राहत असताना पत्र लिहावे हे तुम्हाला विचित्र वाटेल. परंतु समोर आले की तुम्ही "आभार कसले मानतेस" म्हणत हातात वाटी ठेवता आणि बोलायचे राहून जाते. विदर्भातून बदली होऊन किनाऱ्याला येणाऱ्या आणखी कोणाला उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

एप्रिलमध्ये मी निघाले त्या दिवशी अकोल्यात पारा ४३ अंशांवर होता आणि रत्नागिरीत ३३ वर. डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि पिशवीत कांदा ठेवून मे महिना काढणाऱ्या मुलीला ३३ अंशांचे काय भय, ही माझी घमेंड आठ दिवसांत उतरली. पाठभर घामोळे उठले, रात्रीची झोप गेली आणि एका दुपारी मला स्वयंपाकघरातच चक्कर आली. ओट्यावरचे पातेले खाली पडल्याचा आवाज ऐकून तुम्ही आलात आणि पाण्याआधी कूलरकडे पाहून म्हणालात, "अगो, खिडक्या उघड आधी. घर भिजत घातलंयस काय?"

तो कूलर मी मोठ्या मायेने ट्रकमधून आणला होता. आमच्याकडे सकाळी नऊ-दहाला दारे-खिडक्या लावून घ्यायच्या आणि कूलरच्या ताट्या ओल्या ठेवायच्या, हा उन्हाळ्याचा नियम. कोरडी हवा त्या ताट्यांमधून येताना पाणी पिऊन घेते आणि थंड होते. घामाचेही तसेच, तो अंगावर दिसण्याआधी उडून जातो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. इथली हवा आधीच पाण्याने भरलेली असल्यामुळे घाम उडत नाही, नुसता वाहतो, आणि बंद खोलीतला कूलर त्या ओलाव्यात भरच घालतो. म्हणजे ज्या सवयींनी मला अकोल्यात जगवले, त्याच मी इथे स्वतःवर उलटवल्या होत्या. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे मी पाठ केले होते, पण दुपारी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यासाठी पश्चिमेची खिडकी आणि तिच्यासमोरचे दार दोन्ही उघडे ठेवायचे असते, हे मला तुमच्यामुळे कळले.

त्यानंतरचे पंधरा दिवस तुम्ही मला अक्षरशः वाढवलेत. सकाळी चहा-पोह्यांऐवजी उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज, दुपारी पाण्यात कोकमाचे आगळ, कारण घामाबरोबर मीठही जाते आणि नुसते पाणी पिऊन तरतरी येत नाही. संध्याकाळी दुसरी अंघोळ आणि अंग पूर्ण कोरडे केल्याशिवाय पावडर नाही. माझे सिंथेटिक कुर्ते तुम्ही ज्या नजरेने पाहिलेत, तिचा मला थोडा रागही आला होता. आता मी सुती कपड्यांशिवाय काही घेत नाही. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकणे, पापडांचा डबा दर उन्हाला बाहेर काढणे, कपाटाची दारे अधूनमधून उघडी ठेवणे, ही कामे मला आधी अतिरेक वाटली. मग माझ्या चामड्याच्या पर्सवर बुरशी आली आणि माझा आवाज बंद झाला.

एका बाबतीत मात्र मी तुमचे ऐकलेले नाही. "सवय होईल" असे तुम्ही म्हणता; मला अजूनही ऑक्टोबरची दुपार सहन होत नाही आणि अकोल्याच्या कोरड्या, चटका देणाऱ्या उन्हाची आठवण येते. हे वाचून तुम्ही हसाल.

येत्या मे महिन्यात माझी आई येणार आहे. येताना कूलरसाठी नव्या ताट्या आणत असल्याचे तिने फोनवर कळवले आहे. मी नको म्हटले, पण तिला ते पटलेले नाही. तिची समजूत तुम्हीच घालावी, अशी विनंती आहे.

तुमची,
समोरच्या दाराची अकोलेकरीण