आई, डोक्यातल्या त्या कळेबद्दल

प्रिय आई,

काल फोनवर तुझा आवाज एकदम बारीक झाला तेव्हाच कळलं मला, म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय.

मला ट्यूमर वगैरे काही नाहीये. डोक्यात सुई खुपसल्यासारखी सणक जाते, कधी डोळ्यामागे, कधी कानाच्या वर, कधी पार मागच्या बाजूला, एक-दोन सेकंद, की संपलं. चार दिवस काहीच नाही आणि मग एकाच दिवसात दहा वेळा. न्यूरोलॉजिस्टने खूप प्रश्न विचारले, कळ आली की डोळ्यातून पाणी येतं का, डोळा लाल होतो का, दात घासताना चावताना चेहऱ्याला हात लावल्यावर येते का, सगळ्याला माझं नाहीच. एमआरआय पण नॉर्मल आला. याला प्रायमरी स्टॅबिंग हेडेक म्हणतात, प्रायमरी म्हणजे याच्या मागे दुसरा कुठला आजार नाही. आधी आइस पिक हेडेक म्हणायचे, बर्फ फोडायच्या टोच्यावरून, आणि खरंच तस्संच वाटतं गं. मायग्रेनवाल्यांना हे जास्त होतं आणि माझं मायग्रेन तर तुला माहितीच आहे.

गोळी का घेत नाही म्हणून ओरडलीस, पण पेनकिलर पोटात विरघळेपर्यंत कळ कधीच गेलेली असते. फारच वाढलं तर इंडोमेथासिन नावाची सूज-दुखण्यावरची गोळी रोज देतात, दिवसाला ७५ ते १५० मिलिग्रॅम, पण सगळ्यांना लागू पडत नाही आणि पोटाला, किडनीला त्रास होऊ शकतो. नाहीतर मेलाटोनिन किंवा गॅबापेंटिन देऊन बघतात. माझं सध्या औषधाविना चाललंय.

आता तुझं. जाता जाता म्हणालीस, मलाही महिनाभर उजव्या कानशिलात तसंच होतंय. आई, रात्रभर तेच डोक्यात होतं माझ्या. माझ्यासारखंच असेल असं धरून बसू नकोस, माझी जागा बदलत राहते, तुझी एकच आहे, आणि पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं डोकं दुखणं डॉक्टरांना दाखवायचंच असतं. त्या वयात कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येऊ शकते, त्यासाठी ईएसआरची, म्हणजे अंगात कुठे सूज आहे का ते दाखवणारी, साधी रक्ततपासणी करतात. केस विंचरताना तिथे दुखलं, चावताना जबडा दुखला किंवा अंधुक दिसलं तर त्याच दिवशी जा, सकाळची वाट बघू नकोस, नजर जाऊ शकते त्यात. आणि तुझी अ‍ॅसिडिटी आहे, मनाने इंडोमेथासिन आणून घेऊ नकोस.

ताईला सोबत ने, रिपोर्टचा फोटो लगेच पाठव.

तुझी,
मनू