आधी मागची बाजू

ती. काका,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘काका’. पण आभार मला चारचौघांतच मानायचे होते, कारण तुम्ही जे शिकवलंत ते माझ्यासारख्या आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

गेल्या वर्षी एका रविवारी जुन्या बाजारात मला तो फोटो मिळाला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, नऊ तरुण, एकाच्या हातात बेसबॉलची बॅट, मागे पेन्सिलीने लिहिलेलं ‘१८६२’. घरी येईपर्यंत मला धीर नव्हता. गाडीतूनच तुम्हाला पाठवला. तुमचं उत्तर आलं: ‘आधी मागची बाजू पाठव. आणि पट्टी घेऊन पुठ्ठा मोज, फोटो नको.’

साडेसहा इंच बाय सव्वाचार. एवढ्यावरच तुम्ही १८६२ बाद केलंत. यादवी युद्धाच्या त्या वर्षांत अमेरिकेत चालायचं ते ‘कार्त द व्हिझित’, पुठ्ठ्यावरचा छोटा फोटो, पत्त्याच्या पानाहून जरासंच उंच. माझ्या हातात होतं ते त्याहून मोठं कॅबिनेट कार्ड, आणि हा आकार आला १८६६ च्या सुमारास. मग तुम्ही म्हणालात, ‘फोटोतली सगळ्यात जुनी वस्तू शोधू नकोस, सगळ्यात नवी शोध. माणूस बापाचा पट्टा घालून उभा राहील, पण अजून बनलीच नाही अशी वस्तू हातात कशी धरेल?’ ती वस्तू पहिल्या रांगेत एकाच्या पायाशी पडली होती. मला ती टोपली वाटली होती. भिंगातून बघितल्यावर तारांची जाळी दिसली: कॅचरचा, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा, मुखवटा. हार्वर्डच्या फ्रेड थेयरने तो बनवला, सामन्यात पहिल्यांदा वापरला गेला १८७७ मध्ये. एका जाळीने आम्हाला पंधरा वर्षं पुढे आणलं.

मला बॅटही चपटी दिसत होती. १८८५ ते १८९३ या काळात बॅटची एक बाजू सपाट असलेली नियमात चालायची, हे मी नुकतंच वाचलं होतं, म्हणून मी लगेच तो काळ ठरवून टाकला. तुम्ही शांतपणे फोटो तिरका करून दाखवलात. उजेड एका बाजूने पडला की गोल बॅटही चपटी दिसते. ‘जे हवंय तेच दिसायला लागलं की पाच मिनिटं फोटो पालथा ठेव,’ असं म्हणालात. मी तो आजही पालथा ठेवतो.

खरं काम मात्र वाचनालयात झालं. पुठ्ठ्याच्या मागे स्टुडिओचा पत्ता छापलेला होता. सिटी डिरेक्टरीत, म्हणजे शहरातल्या लोकांच्या आणि धंद्यांच्या वार्षिक नोंदवहीत, तो छायाचित्रकार वर्षागणिक शोधायचा होता. मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे तुम्ही माझ्या शेजारी तीन तास बसलात, पाठ दुखत असताना. त्या घरक्रमांकावर तो सापडला फक्त १८८६ ते १८८८ या तीन वर्षांत. मी उठलोच होतो. तुम्ही हात धरून खाली बसवलंत: नोंद छापून यायला वर्ष मागेपुढे होतं, आणि जागा बदलली तरी उरलेले छापील पुठ्ठे कुणी फेकत नसे. म्हणून आपण ‘१८८७ च्या आगेमागे’ एवढंच लिहिलं.

त्याच आठवड्यात एका खरेदीदाराने मला चांगली किंमत देऊ केली होती, मागचं १८६२ तसंच खरं म्हणून सांगितलं तर. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. त्या मुलांकडे बघत एवढंच म्हणालात, ‘वीस-बावीसची असतील. १८६२ साली यांच्यातलं कुणी जन्मलंसुद्धा नव्हतं.’ काका, मला तो फोटो तेव्हा पहिल्यांदा दिसला. तोवर मी बॅट, जाळी आणि पुठ्ठाच बघत होतो.

तुमच्याकडच्या दुपारी आठवल्या की किती काय मिळालं ते मोजता येत नाही. कार्त द व्हिझितच्या मागे चिकटवलेलं ते छोटं तिकीट दाखवून तुम्ही म्हणालात, ‘आपल्याकडे घरभाड्याच्या पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावतात ना, तसंच.’ युद्धाच्या खर्चासाठी फोटोंवर कर बसला तो १ सप्टेंबर १८६४ ला, उठला १ ऑगस्ट १८६६ ला. तेवढ्या दोन वर्षांच्या खिडकीतला फोटो त्या तिकिटावरून ओळखता येतो. टिनटाइपमध्ये, म्हणजे लोखंडी पत्र्यावरच्या फोटोत, चित्र आरशासारखं उलटं येतं, म्हणून माझा ‘डावखुरा’ गोलंदाज उजवा निघाला. सदऱ्याची बटणं कुठल्या बाजूला आहेत ते आधी बघायचं, हेही तुमचंच.

आणि छातीवर पट्टी असलेला सदरा, रुंद पट्टा घातलेले, दुसऱ्या एका फोटोतले ते सात जण! मी त्यांना बेसबॉलचा संघ समजून आणलं होतं. ते अग्निशमन दलाचे स्वयंसेवक होते. खेळाडू आणि अग्निशमनवाले यांचा वेश इतका सारखा का, हे तुम्ही न्यूयॉर्कच्या म्युच्युअल या बेसबॉल क्लबचं उदाहरण देऊन सांगितलंत: तो क्लब १८५७ मध्ये निघाला तो एका अग्निशमन कंपनीतूनच. मग घरी नेऊन काँग्रेसच्या ग्रंथालयातलं ब्रुकलिनच्या अटलांटिक संघाचं १८६५ चं कार्ड पडद्यावर लावलंत आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून तासभर मला बोलू दिलंत.

न्यू जर्सीतल्या होबोकनला अकराव्या रस्त्याच्या आणि वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गेलो तो दिवसही विसरणार नाही. १९ जून १८४६ ला जवळच एलिसियन फील्ड्स या मैदानावर निकरबॉकर हा बेसबॉल क्लब २३–१ असा हरला होता. आता तिथे सिग्नल आणि इमारती. तुम्ही नदीवरून येणाऱ्या वाऱ्याने टोपी सांभाळत मैदान कुठवर असेल ते हाताने दाखवत होतात, आणि मला खरंच गवत दिसत होतं.

पेन्सिलीतलं १८६२ मी पुसलेलं नाही, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. तेही कुणाच्या तरी हातचं आहे. आपली तारीख वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवली आहे, खाली ‘कशावरून’ हेही लिहिलंय.

शनिवारी येतो. आईने पाठवलेली थालीपिठाची भाजणी आणतोय, आणि एक नवा टिनटाइप. मागची बाजू आधी बघितली. कोरी आहे.

तुमचा,
जर्सी सिटीहून